कपाटरावांचे चौदा लिफाफे

सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी शेजारी ठेवू नयेत.

हे वाक्य वाचायला तुम्हाला फार तर दोन सेकंद लागले असतील. कपाटरावांना ते लिहायला नऊ वर्षं लागली. सदतीस ठिकाणची कपाटं त्यांनी उघडली, मोजली, त्यांचे तक्ते केले, दोनशे बारा पानांचा अहवाल लिहिला, आणि त्याचा अर्क काढता काढता तळाला उरलं ते हे. ज्या दिवशी उरलं त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून बायकोला ते म्हणून दाखवलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं."

"बरं. सिद्ध झालंय ना, मग तुमचे मोजे आता तुम्हीच जोडा. सहा आहेत, सगळे काळे."

कपाटरावांनी जोडले. दुसऱ्या दिवशी ते एका पायात आखूड आणि एका पायात लांब मोजा घालून कचेरीत गेले, आणि हे चार वाजेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

कपाटराव हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. ते ज्या कार्यपद्धती संशोधन संस्थेत नोकरीला होते, तिथल्या सहकाऱ्यांनी ते ठेवलं, आणि नातेवाइकांनी उचलून धरलं. कारण पाहुणे म्हणून गेले की कपाटराव पाणी पिण्याआधी यजमानांचं कपाट उघडत. पुढे पुढे ते येणार असं कळलं की लोक किल्ल्या लपवायला लागले. तसा माणूस निरुपद्रवी. फक्त त्यांना मनापासून वाटायचं, की माणसाच्या हातून होणाऱ्या निम्म्या चुका निष्काळजीपणाने होत नाहीत, हात डोळ्यांच्या पुढे धावतो म्हणून होतात. त्यावर त्यांनी तीन उपाय सांगितले होते. सारख्या दिसणाऱ्या वस्तू लांब ठेवा. मध्ये काहीतरी अगदी वेगळं ठेवा. आणि वस्तू हातात घेतल्यावर तिचं नाव मोठ्याने वाचा. दोनशे बारा पानांतून हे तीन उपाय शोधून काढायला मात्र वाचणाऱ्याला चौथा उपाय लागला असता.

तर एके दिवशी संचालकांनी त्यांना बोलावलं.

"संशोधन कपाटात पडून राहता कामा नये," संचालक अगदी गंभीरपणे म्हणाले. त्यांना विनोद करायची सवय नव्हती. "वरून नियम आलाय. प्रत्येकाने तीन महिन्यांत निदान एका संस्थेकडून वापराचा दाखला आणायचा. 'आपले ज्ञान आमच्याकडे वापरात आहे,' एवढं एक वाक्य आणि खाली सही. नाही आणलात तर तुमचा विभाग बंद, आणि तुम्ही तळघरात."

तळघर म्हणजे अभिलेख. तिथे संस्थेचे चाळीस वर्षांचे अहवाल ठेवलेले होते. तिथे याआधी बसणारा माणूस जेवायला वर यायचा तेव्हा उजेडाने डोळे मिचकावायचा, आणि निवृत्त झाला तेव्हा समारंभाला बोलवायचं सगळे विसरले. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि स्वतः कपाटराव, पण दारावर पाटी होती. त्या पाटीकडे बघून ते रोज सकाळी कोटाचं बटण लावत असत.

त्यांनी शहरातलं मोठं रुग्णालय निवडलं. चूक झाली तर जिथे सर्वांत महागात पडेल, तिथे ज्ञान आधी पोचावं असा त्यांचा विचार होता. आणि खरं सांगायचं तर ते घरापासून चालत जायच्या अंतरावर होतं.

पहिल्या दिवशी ते अहवाल काखेत मारून रुग्णालयाच्या औषध भांडारात गेले. भांडारपाल भला माणूस होता. त्याने अहवाल दोन्ही हातांनी घेतला, पोच दिली, आणि "फार उपयोगी काम आहे साहेब," म्हणत तो एका कपाटात ठेवला. कपाटात तसेच हिरव्या पुठ्ठ्याचे आणखी तीस अहवाल होते. पंधरा दिवसांनी कपाटराव पुन्हा गेले तेव्हा भांडारपालाने मोठ्या आदराने काढून दाखवला तो सांडपाण्याच्या निचऱ्यावरचा अहवाल होता.

कपाटरावांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी हेडक्लार्क असताना" असं सुरू होई, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे माजी म्हणत. जिन्यात त्यांनी कपाटरावांना गाठलं. माणसाची अडचण त्यांना पायांच्या आवाजावरून कळत असे.

"दोनशे बारा पानं कोण वाचतो हो? मी हेडक्लार्क असताना पान उलटावं लागलं तर कागद परत पाठवायचो. एक पान करा. चित्र काढा."

कपाटरावांनी एक पान केलं. चित्रही स्वतःच काढलं. दोन बाटल्या, मध्ये एक छत्री. वेगळी वस्तू म्हणून त्यांना छत्रीच सुचली. भांडारपालाने ते तत्परतेने सूचनाफलकावर लावलं, 'पादत्राणे बाहेर काढावीत' या सूचनेच्या खाली. दुसऱ्या दिवसापासून लोक पादत्राणांबरोबर छत्र्याही बाहेर ठेवायला लागले.

"चित्राने भागत नाही," माजी म्हणाले. "समोर उभं राहून सांगा. व्याख्यान द्या. चहा ठेवा."

आता या व्याख्यानाबद्दल कपाटराव स्वतःहून कधी बोलत नाहीत, पण आपल्याला बोललं पाहिजे. सभागृहात अकरा जण होते. मेट्रन पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. कपाटरावांनी टिपणं काढली, खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा लावला, आणि त्यांना सभागृह नाहीसं झालेलं दिसलं. टिपणांच्या जागी मुंग्यांची मिरवणूक चालली होती. चष्मा बायकोचा होता. दोघांची चष्म्याची घरं तपकिरी, एकाच दुकानातली, आणि लग्नापासून एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली.

कपाटराव पाच मिनिटं पाठ असलेलं बोलले. मग पाठ असलेलं संपलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि गडबडीत स्पीकरवर लागला. "अहो, माझा चष्मा तुम्ही नेलात," शाळेच्या वर्गातून बायको अकरा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मला फळा दोन दिसतोय, आणि मुलं तर साठच्या वर झालीत."

फक्त मेट्रन हसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती म्हणाली नाही, पण तिचं हसणं तेच म्हणत होतं. शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांत नऊ जणांनी 'पंखा हवा' असं लिहिलं होतं, आणि दोघांनी 'चहा चांगला'. कपाटराव घरी गेले आणि त्यांनी चष्मा परत केला. बायकोने चष्म्याची दोन्ही घरं पुसली आणि पुन्हा शेजारी शेजारी ठेवली.

"अहो, फळीवर दुसरीकडे जागा आहे," कपाटराव क्षीण आवाजात म्हणाले. खचले की ते बायकोलाही अहो म्हणत.

"सवय आहे हो हाताला," ती म्हणाली. हेच वाक्य त्यांच्या अहवालात पान एकशे चौदावर होतं.

दोन महिने संपले. माजींनी शेवटचा उपाय सांगितला. "सरकारी लिफाफा पाठवा. प्रत्येक वॉर्डाला वेगळा. लिफाफा आला की माणूस फोडतोच, मी हेडक्लार्क असताना लग्नपत्रिकासुद्धा कात्रीने फोडायचो." कपाटरावांनी चार पानी पत्रक केलं. तीन उपाय, साधी वाक्यं, एकही तक्ता नाही. तेरा वॉर्ड आणि एक भांडार, असे चौदा लिफाफे बंद करून त्यांनी संस्थेच्या आवक-जावक कारकुनाकडे दिले. "यावर 'माहितीस्तव' असा शिक्का मारून पाठवा," म्हणाले, आणि आशा सोडून दिली.

तीन आठवडे कुठूनच उत्तर आलं नाही. मग एक दिवस कपाटराव स्वतःच रुग्णालयात गेले, आणि भांडाराच्या दारात उभेच राहिले.

कपाटं बदललेली होती. एकसारखी निळी खोकी, जी नेहमी एका ओळीत असत, ती खोलीच्या दोन टोकांना गेली होती. मधल्या फळीवर कापसाचे गठ्ठे होते. आणि एक मदतनीस खोकं हातात धरून त्याच्यावरचं नाव मोठ्याने वाचत होती. कपाटरावांना भरून आलं.

"हे... हे कधी केलंत?"

"काय कधी केलं?" भांडारपालाने इकडे तिकडे बघितलं. "पहिल्यापासून असंच आहे साहेब."

"माझं पत्रक मिळालं का?"

"कसलं पत्रक? छे. आमच्याकडे काही येत नाही."

वॉर्डांतही तेच. जिथे जावं तिथे कपाट नवं आणि माणूस जुनाच. मेट्रनने तर सरळ सांगितलं, "असा कागद आमच्याकडे आलेला नाही, आणि आला असता तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं." बोलता बोलता तिने नोंदवही जरा पुढे सरकवली. पण वहीखालून लिफाफ्याचा कोपरा डोकावतच होता. त्यावर लाल शाईत, ठसठशीत, शिक्का होता: गोपनीय.

कपाटराव धावतच संस्थेत आले. आवक-जावक कारकुनाच्या टेबलावर दोन शिक्के होते. दोन्ही लाकडी मुठीचे, दोन्ही काळपट झालेले, शेजारी शेजारी उभे. एक 'माहितीस्तव', एक 'गोपनीय'. नऊ वर्षं कपाटराव रोज त्या टेबलावरून जात होते, आणि त्यांनी सदतीस ठिकाणची कपाटं मोजली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण आता सगळा उलगडा झाला. साधं पत्रक कुणी उघडलंही नसतं. गोपनीय म्हटल्यावर प्रत्येकाने ते दार लावून तीनदा वाचलं. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्या एकट्यालाच आलंय, म्हणजे नक्की पाहणी होणार आहे. मग प्रत्येकाने ते फक्त एकाच विश्वासाच्या माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने एकाला. आठवडाभरात गोष्ट षट्कर्णी झाली, आणि तरीही ती कुणालाच माहीत नव्हती.

कपाटराव आनंदाने रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे गेले. दाखला हातातोंडाशी आला होता.

"अडचण आहे," अधीक्षक म्हणाले. "कागद वापरात आहे असं लिहून द्यायचं, म्हणजे कागद आला होता हे कबूल करायचं. गोपनीय कागद आला हे मी लेखी कसं कबूल करणार?"

"पण तो शिक्का चुकून पडलाय. कागद गोपनीय नाहीच."

अधीक्षकांनी खुर्ची मागे घेतली. "हे तुम्ही मला सांगताय, हासुद्धा गोपनीयतेचा भंग आहे. मी ऐकलं नाही असं समजतो. रीतसर अर्ज करा. आधी एका वॉर्डापुरती गोपनीयता उठवू. हरकत आली नाही तर सगळीकडची, आणि त्याच दिवशी दाखल्यावर सही."

"अर्ज करू नका," माजी पहिल्यांदाच काही करू नका म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची." पण महिन्याची वीस तारीख उलटून गेली होती आणि कपाटरावांना झोपेत तळघराचा जिना दिसत होता. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला. तिसऱ्या वॉर्डाला पत्र गेलं, की अमुक पत्रक आता गोपनीय नाही, सर्वांनी वाचावे.

चार दिवसांनी ते बघायला गेले. पत्रक सूचनाफलकावर होतं, पादत्राणांच्या सूचनेखाली. निळी खोकी पुन्हा एका ओळीत, अंगाला अंग लावून उभी होती. "साधं परिपत्रक होतं हो ते," तिथली परिचारिका म्हणाली, "आम्हाला उगाच काय काय वाटलं." कपाटराव बाहेर आले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं दाखल्याबद्दलचं नव्हतं.

त्या रविवारी मन रमवायला म्हणून ते घरच्या कपाटाचा माथा झाडायला चढले. घरात दोन स्टुलं होती, एकसारखी, एकमेकांना चिकटून ठेवलेली. त्यातल्या एकाचा पाय ढिला होता. कुठल्या स्टुलावर कपाटराव चढले हे सांगायची गरज नाही. मनगटाचं हाड मोडलं, तार घालावी लागली, आणि त्यांची रवानगी सातव्या वॉर्डात झाली. त्या वॉर्डात ते आधी कधी गेले नव्हते, त्यामुळे तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. अपघात कसा झाला असं विचारल्यावर ते फक्त "घरी" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना इंजेक्शन द्यायचं होतं. एक परिचारिका कपाटापाशी गेली. हात सवयीने एका खोक्यावर पडला. तिने ते उचललं, नाव मोठ्याने वाचलं, आणि थबकली. खोकं परत ठेवून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथलं खोकं काढलं, तेही मोठ्याने वाचलं, आणि मग आजोबांकडे आली. आजोबा "अगं, हळू टोच," एवढंच म्हणाले. पहिलं खोकं कसलं होतं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

ती कपाटरावांकडे आली तेव्हा त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही नाव मोठ्याने का वाचलंत?"

ती त्यांचं मनगट तपासत राहिली. मग खाली वाकून म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्या हातून चुकीची सुई भरली गेली होती काका. पेशंटच्याच लक्षात आलं म्हणून वाचलो, तोही आणि मीही. तेव्हापासून कपाट उघडायची वेळ आली की मी दुसरीला पुढे करायचे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं." तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "मग वरून एक कागद आला. गोपनीय आहे. तुम्ही वडीलधारे आहात म्हणून सांगते, कुणाला बोलू नका." आणि तिने कपाटरावांना, कानाशी लागून, त्यांचेच तीन उपाय सांगितले. त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता.

"आणि चौथं आम्ही आमच्या मनाने घातलं," ती म्हणाली. "खोकं परत ठेवतानाही नाव वाचायचं. चूक खोकं काढताना कुठे होते? आधी कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलेलं असतं, म्हणून होते."

नऊ वर्षं कपाटरावांनी वस्तू काढणारे हात मोजले होते. ठेवणारे हात त्यांनी मोजलेच नव्हते. एरवी त्यांना हे लागलं असतं. त्या दुपारी लागलं नाही, उलट कधी एकदा पेन हाती घेतोय असं झालं, पण पेनाचा हात प्लास्टरमध्ये होता.

"कुणी लिहिलाय तो कागद?" त्यांनी विचारलं. माणूस शेवटी माणूस असतो.

"नाव नाही वाचलं. कुणीतरी कामाचा माणूस असणार," ती म्हणाली. "संशोधक वगैरे नसेल. सगळं समजलं ना."

संध्याकाळी अधीक्षक फेरीला आले. खाटेपाशी थांबून म्हणाले, "बरं झालं इथेच भेटलात. तिसऱ्या वॉर्डातून हरकत आलेली नाही. उद्या सगळीकडची गोपनीयता उठवतो आणि दाखल्यावर सही करतो."

"मी अर्ज मागे घेतो," कपाटराव म्हणाले.

अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, दोन दिवस राहिलेत तुमचे. दाखला नको?"

"हवा होता. आणि तिसऱ्या वॉर्डालाही पुन्हा एक पत्र पाठवा, की गोपनीयता चुकून उठवली गेली."

"मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागेल."

कपाटरावांनी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरात, रकान्यात लिहिलं: कारण गोपनीय. अधीक्षकांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत कपाटरावांबद्दल आदर दिसला.

पुढच्या आठवड्यात दारावरची पाटी उतरली. कपाटराव प्लास्टर सांभाळत तळघरात गेले. वर जाताना डोळे मिचकावावे लागतात हे खरंच होतं. भिंतभर कपाटं, त्यांत चाळीस वर्षांचे अहवाल, सगळे हिरवे, सगळे शेजारी शेजारी. पहिल्याच दिवशी आवक-जावक कारकून खाली आला आणि त्याने टेबलावर 'गोपनीय'चा शिक्का ठेवला. "तुमच्याच पत्रकात आहे म्हणे," तो हळूच म्हणाला, "सारख्या दिसणाऱ्या वस्तू लांब ठेवाव्यात. म्हटलं, तळघराहून लांब काय असणार?"

कपाटरावांनी शिक्का जवळ ओढला. मग त्यांनी हाताला आला तो अहवाल काढला, मोठ्याने नाव वाचलं, आणि डाव्या हाताने त्याचं चार पानी पत्रक लिहायला घेतलं. तो अहवाल शाळेतल्या बाकांच्या उंचीबद्दल होता, आणि एकवीस वर्षांत त्याचं पहिलं पानही कुणी उलटलं नव्हतं.

घरी मात्र सांगणं भाग होतं. दोन दिवस त्यांनी धीर गोळा केला. मग जेवणं झाल्यावर बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं, चौदा लिफाफे, सातवा वॉर्ड, अर्ज, पाटी. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती त्यांच्या प्लास्टरवरचा धागा ओढत राहिली.

"हे कुणाला सांगू नकोस," शेवटी ते म्हणाले. "गोपनीय आहे."

सकाळी त्यांनी फळीवर चष्म्यासाठी हात घातला, तर तिथे एकच घर होतं. बायकोचं घर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी होतं, आणि फळीवर मध्येच फुलदाणी आली होती.

"हे कधी केलंस?" कपाटरावांनी विचारलं.

"काय कधी केलं?" तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पहिल्यापासून तिथेच ठेवते मी."